मेहेरबाईंचा सर्व्हर

कुणी पासवर्ड टाकत असेल तर मेहेरबाई त्याच्याकडे पाहत नसत. नुसती मान वळवून त्यांचं भागायचं नाही. त्या खुर्चीवरून उठायच्या, लॅबच्या खिडकीशी जायच्या आणि बाहेर लावलेल्या सायकलींकडे तोंड करून पाठमोऱ्या उभ्या राहायच्या. "झालं की सांग. घाई नाही," असं म्हणायच्या. पोरं सुरुवातीला हसायची, कारण लॅबमधल्या सर्व्हरचं मुख्य खातं बाईंच्याच हातात आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. मनात आणलं असतं तर कुणाचाही पासवर्ड पुसणं, कुणाचंही फोल्डर उघडणं हे त्यांना अर्ध्या मिनिटाचं काम होतं. तरी त्या उठायच्या. गुडघे धरलेले असले तरी टेबलाला रेटा देऊन उठायच्या.

२०१४च्या जूनमध्ये मी तलासरीच्या एका कॉलेजात संगणक शिकवायला लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्या माझ्यासाठीही अशाच उठल्या. मी पंचवीस वर्षांची, नुकतीच एम.एस्सी. झालेली, डहाणूहून सकाळच्या एसटीनं आलेली. त्या साठीला टेकलेल्या, खळीची सुती साडी, चष्म्याला काळी दोरी. कॉलेजच्या कागदांत त्यांचं पद 'प्रयोगशाळा सहायक' असं होतं आणि नेमणूक माझ्यासारखीच वर्षावर्षाची. नाव नलिनी मेहेर, माहेर वरोरचं. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे सासर नव्हतं. डहाणू रोडला स्टेशनजवळ एका खोलीत एकट्या राहायच्या आणि शनिवारी वरोरला भावाकडे जायच्या. संगणकाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली होती, आधी ऑपरेटर म्हणून आणि मग एक्स्चेंजमधल्या संगणकांवर. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं टाइप करून यंत्राकडून काम करून घेणं त्या तिथे शिकल्या होत्या. मी पुस्तकातून शिकलेलं त्यांच्या बोटांत होतं.

त्या वर्षी आमच्याकडे मुलांना वेबपेज बनवायला शिकवायचे. मुलं वहीत लिहून आणायची, लॅबमध्ये टाइप करायची, पेनड्राइव्हवर घ्यायची, आणि दोन दिवसांनी पेनड्राइव्ह हरवायचा किंवा त्यात व्हायरस शिरायचा. केलेलं पान आपल्याशिवाय कुणाला दिसतच नाही म्हटल्यावर त्यात जीव लावणार कोण? कॉलेजची वेबसाइट होती, पण ती बाहेरचा कुणीतरी सांभाळायचा. तीत पोरांना जागा कुठून मिळणार?

बाईंनी ऑफिसनं टाकून दिलेला एक संगणक मागून आणला. त्याच्या पंख्यातला कचरा पेंटच्या ब्रशनं काढला, लिनक्स ही फुकट मिळणारी संगणकप्रणाली घातली आणि त्यावर वेब सर्व्हर उभा केला. मग त्यांनी अशी सोय केली की त्या एकाच यंत्रावर प्रत्येक मुलाचं वेगळं खातं, खात्यात त्याचं फोल्डर, आणि त्या फोल्डरात 'पब्लिक' नावाचं आणखी एक. या आतल्या फोल्डरात ठेवलेलं सगळं कॉलेजच्या आवारात आणि वसतिगृहात, म्हणजे वायफाय पोचेल तिथपर्यंत, कुणालाही बघता यायचं. बाहेर ठेवलेलं फक्त त्याचं. सर्व्हरच्या पत्त्यापुढे एक नागमोडी खूण आणि मुलाचं नाव टाकलं की त्याची साइट उघडायची. ती खूण कीबोर्डवर डाव्या कोपऱ्यात असते, सहसा कुणी वापरत नाही. वरोर-चिंचणीकडच्या मुलांनी तिला पहिल्याच आठवड्यात 'लाट' म्हणायला सुरुवात केली, आणि मग सगळं कॉलेज लाटच म्हणू लागलं.

सगळी खाती एका झटक्यात तयार करता येतात. मी तसं सुचवलं. हजेरीपटावरून नावं घ्यायची, दहा ओळींचा प्रोग्रॅम चालवायचा, पाच मिनिटांत काम संपलं.

"नको," बाई म्हणाल्या. "हजेरीपट कारकुनानं लिहिलाय."

त्यांनी एकेका मुलाला शेजारच्या खुर्चीत बसवलं. "घरी तुला काय म्हणतात?" असं विचारलं. मुलं लाजायची. एकाला घरी बाळ्या म्हणत, त्याला लाटेपुढे बाळ्या मिळालं. हजेरीपटावर जिचं नाव चुकून 'कमळ' पडलं होतं ती धोडी आडनावाची रानशेतची मुलगी हळूच म्हणाली, "कमल. ळ नाही." बाईंनी तिच्याकडूनच ते टाइप करून घेतलं. पूर्ण जुलै त्यात गेला. मी मनात चरफडत होते, अभ्यासक्रम मागे पडत होता. पण ऑगस्टमध्ये जे झालं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. तास संपल्यावर मुलं लॅबमधून हलेनात. कुणी बैलाचा फोटो लावला, कुणी क्रिकेटच्या टीमची यादी, कुणी नुसतंच आपलं नाव मोठ्या अक्षरात लिहून रोज त्याचा रंग बदलला.

पहिल्यांदा पान उघडताना हमखास 'फॉरबिडन' असा शब्द यायचा, म्हणजे मनाई. मुलं घाबरायची. बाई त्यांना परवानगीचे तीन आकडे शिकवायच्या. पहिला आकडा स्वतःसाठी, दुसरा आपल्या गटासाठी, तिसरा बाकीच्या जगासाठी. "बाहेरच्या फोल्डराला शेवटचा आकडा एक द्यायचा," त्या सांगायच्या. "एक म्हणजे येणाऱ्याला ओटीवरून पुढं जाता येईल, पण तुझी कपाटं उघडता येणार नाहीत. आतल्याला पाच दे. तिथं बसू दे त्यांना, बघू दे. हात मात्र तुझाच लागेल." मी हा भाग नंतर बऱ्याच कॉलेजांत शिकवला, पण मला अजून यापेक्षा सोपं सांगता आलेलं नाही.

एकदा परीक्षेच्या आदल्या दिवशी एका मुलाची फाइल सापडेना. तो तापानं घरी पडला होता. मी बाईंना म्हटलं, मुख्य खात्यातून जाऊन बघा ना, त्याच्याच भल्याचं आहे. बाईंनी त्याच्या गावातल्या दुकानात फोन लावला, दुकानदारानं माणूस पाठवून त्याला बोलावलं, आणि तापानं फणफणलेल्या त्या मुलाला बाईंनी विचारलं, "तुझ्या फोल्डरात जाऊ का? कुठली फाइल ते सांग, तेवढीच बघते." तो "हो" म्हणाला तेव्हा त्या आत गेल्या, तेवढीच फाइल काढली आणि बाहेर आल्या. मला तेव्हा हे सगळं जरा अतीच वाटलं होतं. बाई जुन्या वळणाच्या, असं म्हणून मी सोडून दिलं.

मग २०१६च्या थंडीत ती गोष्ट घडली, जी मी इतकी वर्षं कुणाला सांगितली नाही.

कमल धोडी तेव्हा तिसऱ्या वर्षाला होती आणि कॉलेजच्या वसतिगृहात राहत होती. वसतिगृहाचा पंप जळला होता. एकोणीस दिवस झाले तरी दुरुस्त झाला नव्हता. मुली पहाटे उठून विहिरीवरून प्रत्येकी दोन हंडे पाणी ओढत आणि मग वर्गात येऊन बसत. कमलनं आपल्या साइटवर एक पान लिहिलं. नाव दिलं 'आमची विहीर'. तीन परिच्छेद आणि एक फोटो. फोटोत कुणाचा चेहरा नव्हता, फक्त उघडे तळहात, दोरानं सोललेले. एकही शिवी नव्हती, कुणाचं नाव नव्हतं. पंप कधी जळला, कुणाला किती वेळा सांगितलं, दोन हंडे ओढायला किती वेळ लागतो, एवढंच. मुलांनी ते मोबाइलवर एकमेकांना दाखवलं आणि दोन दिवसांत ते सगळ्या कॉलेजनं वाचलं.

चार दिवसांनी तपासणी समिती यायची होती. बाई तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर होत्या. प्राचार्यांनी मला बोलावलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांच्या टेबलावर तपासणीच्या फायलींचा डोंगर होता.

"ते पान बंद करा, मॅडम. समिती जाईपर्यंत. नंतर चालू करू."

"मेहेरबाई आल्या की..."

"त्या करणार नाहीत. मी फोनवर विचारलं त्यांना. म्हणाल्या, मुलीला विचारा." त्यांनी उठून दार लोटलं. "तुमच्याकडेही पासवर्ड आहे ना?"

माझ्याकडे होता. रजेवर जाताना बाईंनीच तो माझ्यावर सोपवला होता. जूनमध्ये माझी नेमणूक पुन्हा होणार की नाही ते त्यांच्या सहीवर होतं. त्यांनी तसं बोलून दाखवलं नाही, पण मला ते ऐकू आलं. मी लॅबमध्ये गेले, मुख्य खात्यात शिरले आणि एक ओळ टाइप केली. तीन आकडे बदलले. पान पुसलं नाही, फक्त दार लावून घेतलं, अशी मी स्वतःची समजूत घातली. मग पुढच्या तासाला गेले.

तिसऱ्या दिवशी बाई परत आल्या, डोळ्यावर हिरवी पट्टी. रोज सकाळी आल्या आल्या त्या सर्व्हरची नोंदवही बघायच्या, म्हणजे मागच्या वेळेपासून यंत्रावर काय काय झालं त्याची यंत्रानंच लिहिलेली यादी. मी समोर वह्या तपासत बसले होते. त्यांचं बोट पडद्यावर थांबलेलं मला दिसलं.

"तू केलंस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तिला सांगितलंस?"

"नाही."

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पट्टी सांभाळत पुन्हा लावला. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. माझ्याकडे सांगण्यासारखं बरंच होतं: नेमणूक, घरचे, प्राचार्यांच्या टेबलावरचा फायलींचा डोंगर.

"आत्ता तास आहे का तुझा?"

"नाही."

"मग जा. सांगून ये तिला."

कमल वसतिगृहाच्या मागच्या पायरीवर बसली होती. मांडीवर वही. वहीत तिनं आपल्या पानाचा सगळा कोड हातानं उतरवून काढला होता आणि ओळीओळीवर पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. मला बघून ती उठून उभी राहिली.

"मॅडम, बरं झालं आलात. माझं पान उघडत नाही. मनाई येते. मी दोन दिवस बघते आहे, माझं कुठं चुकलं ते सापडत नाही."

मी सांगितलं. काय केलं, कधी केलं, कुणाच्या सांगण्यावरून केलं. वाक्यं लहान होत गेली. ती ऐकत होती. शेवटी ती वहीकडे बघत म्हणाली, "म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं."

"नाही. तुझं काहीच चुकलं नव्हतं."

"मला वाटलं, मलाच येत नाही." आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पान बंद केलं हे ऐकताना आलं नव्हतं, ते आता आलं.

ते दोन दिवस मला आजही आठवतात. रानशेतच्या एका शेतमजुराच्या घरातली पहिली कॉलेजात आलेली मुलगी, आणि मी तिला दोन दिवस असं समजू दिलं की तिला येत नाही.

"उघडू का परत?" मी विचारलं. "तू म्हणशील तसं."

तिनं वही मिटली. "उघडा," म्हणाली. "आणि सरांनी विचारलं तर सांगा, कमल म्हणाली."

मी लॅबमध्ये आले तेव्हा बाई आपल्या खुर्चीवरून उठल्या आणि ती खुर्ची माझ्यासाठी मागे ओढली. ती ओळ त्यांनी माझ्याच हातानं टाइप करून घेतली. मग आम्ही दोघी प्राचार्यांकडे गेलो. बाई आधी बोलल्या.

"पान उघडं आहे, सर. बंद करायचं तर कमलला विचारा."

"मेहेरबाई, सर्व्हर कॉलेजचा आहे. पासवर्ड तुमच्याकडे आहे."

"आहे ना. म्हणूनच मला हात लावता येत नाही. ज्याच्याकडे नाही त्यानं लावला असता तर चोरी झाली असती. मी लावला तर त्याला काय म्हणायचं?"

"समितीनं वाचलं तर काय सांगू मी?"

"समिती वसतिगृहातही जाईल. तिथं नळ सोडून बघतील."

प्राचार्यांनी समोरची फाइल मिटली. मग त्यांनी फोन उचलला आणि उंबरगावच्या मेकॅनिकला लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी पंप सुरू झाला. कमलनं आपणहून पानाच्या खाली एक ओळ घातली: पंप आज दुरुस्त झाला, पाणी येतं आहे. समितीनं ते पान वाचलं नाही. कुणाचंच पान वाचलं नाही. रजिस्टरं पाहिली, जेवण केलं आणि गेले. पुढच्या जूनमध्ये माझं नेमणुकीचं पत्र वेळेवर आलं. बाईंचं दोन महिने उशिरा आलं. ते दोन महिने त्या पत्राशिवाय रोज येत राहिल्या.

पान परत उघडलं त्या आठवड्यात एकदा परतीच्या एसटीत मी त्यांना विचारलं, "तुम्ही माझ्यावर रागावला नाहीत?" बस चारोटी सोडून डहाणूच्या रस्त्याला लागली होती. बाई खिडकीतून बघत होत्या. मग त्यांनी मला सुमनची गोष्ट सांगितली.

डहाणूचं एक्स्चेंज तेव्हा हातानं चालायचं. ट्रंक कॉल, म्हणजे बाहेरगावचा फोन, आला की ऑपरेटरनं बोर्डात जोडणीची दोरी खोचायची, दोन्हीकडचं बोलणं ऐकू जातंय ना हे पहिली दोन वाक्यं ऐकून बघायचं आणि कानावरचा हेडफोन बाजूला करायचा. बाई तेव्हा बावीस वर्षांच्या. त्यांची शेजारीण आणि जिवाभावाची मैत्रीण सुमन, तिचं लग्न ठरलं होतं. एका दुपारी सुरतेहून सुमनच्या होणाऱ्या सासरी फोन आला. बाईंनी दोरी खोचली. तिकडचा माणूस म्हणाला, "मुलाला फिट येतात हे लग्न होईपर्यंत बोलू नका." बाईंनी हेडफोन बाजूला केला, पण ऐकायचं ते ऐकून झालं होतं. संध्याकाळी त्यांनी सुमनला सांगितलं. आठवड्यात सोयरीक मोडली.

"आठ महिन्यांनी कळलं," बाई म्हणाल्या, "फिट येणारा मुलगा त्यांच्या चुलत्याचा होता. त्या घरात एकाच वर्षी दोन लग्नं होती. मी दोन वाक्यं ऐकली होती, तिसरं ऐकलं नव्हतं."

"पण तुम्ही तिच्या काळजीपोटीच सांगितलं ना?"

"काळजी होतीच. मी खोटंही बोलले नव्हते, मेधा. ऐकलं तेच सांगितलं. पण ते माझ्यासाठी बोललेलं नव्हतं." थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "सुमन मला कधी काही बोलली नाही. फक्त आमच्याकडे यायची बंद झाली. तू निदान त्याच आठवड्यात जाऊन सांगितलंस. मला सुमनकडे जायला अकरा वर्षं लागली. तोवर ती बडोद्याला गेली होती."

आशागड गेलं, डहाणू रोड आलं. उतरताना त्यांनी माझ्या हातात पिशवीतले चार चिकू ठेवले आणि म्हणाल्या, "दोन दिवस ठेव, मग पिकतील."

२०१८च्या उन्हाळ्यात कॉलेजनं सगळं काम बाहेरच्या एका कंपनीकडे द्यायचं ठरवलं. नवी व्यवस्था, नवी खाती, हजेरीपटावरून. जुना सर्व्हर बंद होणार होता आणि त्याबरोबर बाईंची नेमणूकही. बाईंनी तक्रार केली नाही. फक्त विचारलं, "मुलांच्या फोल्डरांचं काय?" ऑफिसमधून उत्तर आलं की पास होऊन गेलेल्यांचं आता काय करायचं, पुसून टाका.

बाईंनी एक वही केली. चार वर्षांत तयार झालेलं प्रत्येक खातं त्यात लिहिलं आणि समोर गाव. शिकत असलेल्या मुलांनी आपापलं उतरवून नेलं. उरलेल्यांची फोल्डरं त्यांनी एकेक पेनड्राइव्हवर घेतली. अख्खं फोल्डर उचलून नेताना आत बघावं लागत नाही, आणि बाईंनी बघितलं नाही. प्रत्येक पेनड्राइव्हला दोरा बांधून पुठ्ठ्याची चिठ्ठी लावली. मग सर्व्हर बंद केला, त्यातली डिस्क काढून माझ्यासमोर पूर्ण पुसली, आणि पेनड्राइव्ह वाटायला निघाल्या.

मी म्हटलं, फोन करून बोलावून घेऊ. पण निम्मे नंबर बदललेले. मुलं वापीच्या कारखान्यांत गेलेली, मुली लग्न होऊन गेलेल्या, कुणी होडीवर. बाई घरी जायच्या. एसटीनं, सहा आसनी रिक्षानं, उरलेलं चालत. रविवारी मीही जायचे. बाळ्या डहाणू रोडला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात भेटला. त्यानं पेनड्राइव्ह घेतला, लगेच आपल्या संगणकाला लावला आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांना थांबवून बैलाचा फोटो दाखवला. कमल डहाणूतल्या एका शाळेत संगणक शिकवत होती. तिनं बाईंना नमस्कार केला, मला हात धरून आत नेलं आणि तिच्या वर्गातल्या मुलांची खाती दाखवली. त्या मुलांनाही तिनं घरची नावं विचारली होती. काही घरांत मात्र आम्ही पेनड्राइव्ह दिला तो देवाच्या फोटोमागे ठेवला गेला, कारण लावायला काही नव्हतं. बाईंना त्याचं काही वाटायचं नाही. "त्याचं त्याच्याकडे पोचलं," म्हणायच्या आणि वहीत त्या नावापुढे बरोबरची खूण करायच्या.

डिसेंबरात बाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. भावानं त्यांना वरोरला नेलं. मी भेटायला गेले तेव्हा ओटीवरच्या खाटेवर त्या पडल्या होत्या. समोर सुकत घातलेल्या बोंबलांच्या काठ्या, त्यापलीकडे खाडी. त्यांनी डाव्या हातानं उशीखालची वही काढली आणि माझ्याकडे सरकवली. सात नावं राहिली होती.

ती सात मी केली. सहा जानेवारीत झाली. शेवटचं नाव होतं वनिता, गाव धुंदलवाडीच्या पुढचा एक पाडा. त्या दिवसांत तिकडे भूकंपाचे धक्के बसत होते. माणसं घराबाहेर ताडपत्रीच्या तंबूत झोपत होती. मी फेब्रुवारीतल्या एका दुपारी तलासरीहून जीपनं निघाले, चुकीच्या जागी उतरले, तीन पाडे फिरले, तेव्हा कुठे घर सापडलं. भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता. वनिता लग्नानंतरही नवऱ्यासह माहेरीच राहत होती; अंगणातल्या तंबूत ती चूल मांडून बसली होती, मांडीवर वर्षाची मुलगी. कॉलेजात ती शेवटच्या बाकावर बसायची. तिचा आवाज मी क्वचितच ऐकला होता.

सोबत नेलेली जोडपिन घालून पेनड्राइव्ह तिच्या नवऱ्याच्या फोनला लावला. फोल्डरात एकच पान होतं. तिनं ते वाचलं आणि ती एकदम हसायला लागली. मग फोन माझ्या हातात दिला.

"वाचा, मॅडम. तुम्हाला आज लागलं असतं हे."

मी वाचलं. मग मी तिला बाईंच्या आजारपणाचं सांगितलं. वनितानं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मुलीला कडेवर घेतलं. ते पान माझ्या फोनवर पाठवलं आणि "बाईंना वाचून दाखवा," म्हणाली. "माझ्याकडून. मी लिहिलं तेव्हा कुणीच आलं नव्हतं. तुम्ही आलात."

एप्रिलमध्ये बाई गेल्या. वरोरच्या स्मशानात त्यांचे किती विद्यार्थी आले होते, कोण रडलं, ते सगळं मला पुसट आठवतं. स्पष्ट आठवते ती त्याआधीची, वनिताकडे जाऊन आल्यानंतरच्या रविवारची फेब्रुवारीतली दुपार. मी वरोरला पोचले, वही त्यांच्या हातात दिली आणि शेवटच्या नावापुढची खूण दाखवली. बाईंनी ती बोटानं चाचपली. मी म्हटलं, "वनितानं तिचं पान पाठवलंय."

"तिनं... सांगितलं? वाचायला?" एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा येत होता.

"हो. तुम्हाला वाचून दाखवा म्हणाली. तिच्याकडून."

चार वर्षांत इतक्या मुलांची फोल्डरं बाईंच्या हाताखालून गेली होती. त्यांनी उशी नीट करायची खूण केली, डोळे मिटले आणि ऐकायला लागल्या. मी वाचलं.

"आमच्या घरी कसं यायचं. तलासरीहून धुंदलवाडीच्या जीपमध्ये बसा. ड्रायव्हरला पाड्याचं नाव सांगू नका, त्याला माहीत नाही. मोठी चिंच सांगा. चिंचेपाशी उतरलात की डाव्या हाताला पायवाट आहे. पावसात तिचा ओहळ होतो, तेव्हा बांधावरून या. पुढं हातपंप लागेल. पाणी प्या, गोड आहे. तिथं एक काळा कुत्रा बसतो. तो भुंकतो, चावत नाही."

"आहे... अजून?" बाईंनी विचारलं.

"आहे. माझ्यावर भुंकला."

त्यांच्या तोंडाची चांगली बाजू हसली. मी पुढे वाचलं.

"दोन घरं सोडा. तिसऱ्या घराच्या दारात भोपळ्याचा मांडव आहे. उन्हाळ्यात वेल नसतो, नुसता मांडव असतो, तेच आमचं घर. दार उघडंच असतं. तरी हाक मारा. मी आत असेन."

मी फोन खाली ठेवला. ओटीवर वारा होता. बाईंना झोप लागली असं वाटून मी उठणार, तेवढ्यात त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "हाक... मारलीस?"

"मारली," मी म्हटलं.